आखाजीच्या तोंडावर उघडलेलं मॅनिफोल्ड

अहो,

शाळेच्या परीक्षा आटोपल्या आणि काल तुमची शोकसभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता आणि त्याला इतका जाड हार घातला होता, की हनुवटी दिसत नव्हती. हेडमास्तर म्हणाले, "सरांच्या हातात जादू होती. बिघडलेलं कुठलंही यंत्र सरांनी हातात घेतलं, की ते चालू झालंच म्हणून समजा." मी पहिल्या रांगेत बसले होते. पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, मला रडू आवरत नाही. एकीने पाठीवरून हातही फिरवला. तिला काय सांगणार, की मी हसू दाबत होते.

जादू म्हणे! तुमच्या हातात मिक्सर गेला तो भंगारवाल्याकडे गेला. शेजारच्या काकूंची इस्त्री तुम्ही दुरुस्त केलीत आणि त्यांच्या मुलाच्या लग्नाचा सदरा जळाला. आपल्या घरातली घड्याळं सगळी चालू होती, फक्त कुठलीच दुसरीशी जुळत नव्हती. दहावीच्या पोरांना फळ्यावर इंजिनाचे चार स्ट्रोक काढून दाखवणं वेगळं आणि खरं इंजिन उघडणं वेगळं, हे तुम्हाला कोणी कधी सांगितलं नाही. म्हणजे मी सांगत होते. पण माझं बोलणं तुम्ही ऐकायचात ते रेडिओवरचे बाजारभाव ऐकल्यासारखं.

गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचा रिवाज आहे. तो ज्यांना पाळायचा त्यांनी काल पाळला. मी तुमच्याशी इतकी वर्षं संसार केलाय, मला खरं बोलायचा हक्क आहे. आणि मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. ती तुम्हाला माहीत आहे. नुसतं "मॅनिफोल्ड" म्हटलं, की तुम्ही पेपर उघडून तोंडासमोर धरायचात. आता पेपर नाही. ऐका.

आधी गाडी. जामनेरच्या एका डॉक्टरांनी तुम्हाला त्यांची जुनी अँबॅसेडर विकली. विकताना ते इतके खूश होते, की त्यांनी आपल्या दोघांना जेवायला घातलं, वर निघताना मला ब्लाउजपीस दिला. मला तेव्हाच संशय आला. तुम्हाला मात्र काही दिसत नव्हतं. तुम्ही तिला दसऱ्याला झेंडूची माळ घातलीत, पुढे लिंबू-मिरची बांधलीत. विज्ञान शिकवणारा माणूस! मी म्हटलं, "लिंबाने इंजिन थंड राहतं का?" तर म्हणालात, "तुझ्या समाधानासाठी बांधलंय." माझ्या समाधानासाठी म्हणून तुम्ही आयुष्यात जे जे केलंत, त्याने माझा जीव नेहमी टांगणीला लागला.

पण गाडी का घेतलीत, हे मला ठाऊक होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत, तरी ठाऊक होतं. लग्नानंतरची आपली पहिली आखाजी. दिवाळी तुमची, आखाजी आमची, असं मी तुम्हाला तेव्हाच बजावलं होतं. खान्देशातल्या बाईला अक्षय तृतीयेला माहेर हवं म्हणजे हवं. झोका हवा, गौराईची गाणी हवीत, आईच्या हातच्या सांजोऱ्या हव्यात. त्या वर्षी नेमका एस.टी.चा संप होता, पॅसेंजर चुकली, आणि तुम्ही कुठून तरी सुरतकडे जाणारा केळीचा ट्रक गाठलात. ड्रायव्हरशेजारी बसून मी दोंडाईच्याला उतरले. गल्लीतल्या पोरी टाळ्या पिटून ओरडल्या, "अक्का केळासंगे उनी व माय!" मी त्यांच्याइतकीच हसले. तुमचं तोंड मात्र जे उतरलं, ते चार दिवस उतरलेलंच होतं. गल्ली ती गोष्ट विसरली, मी विसरले. तुम्ही ती मनात धरून बसलात, आणि पुढे पगारातून एकेक पैसा बाजूला टाकत ते पांढरं धूड दारात आणलंत.

आणि गाडी आल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला लोटन मला न्यायला आला.

माझा धाकटा भाऊ भर उन्हात स्टेशनवरून चालत आला होता. डोक्याला पंचा, हातात मायने पाठवलेला शेवयांचा डबा. आखाजीला लेकीला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो, त्याशिवाय ती निघत नाही. आपली आपण पिशवी घेऊन गेलेली लेक म्हणजे गल्लीला विषय, की हिला सासरी कोणी काही बोललं का, नवऱ्याने हाकललं का. हे तुम्हालाही माहीत होतं. तुमच्या बहिणींना आणायला तुम्ही दरवर्षी सायकल दामटत जायचात. लोटनने पाण्याचा तांब्या संपवला आणि म्हणाला, "दाजी, अक्काले लेवाले उनू. सकायनी गाडीले निंघूत."

तुम्ही खुर्चीत मागे रेललात. तो आवाज मला अजून ऐकू येतो, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या भाषणाचा. "लोटनराव, आता आपल्याकडे मोटार आहे. तुमच्या बहिणीला पॅसेंजरमध्ये धक्के कशाला खायला लावायचे? मी स्वतः आणून सोडतो. आईंना सांगा, मोटार येतेय."

लोटनने माझ्याकडे पाहिलं. "माय वाट देखी ऱ्हायनी, दाजी," एवढंच म्हणाला. तुम्ही हसून त्याच्या खांद्यावर थाप मारलीत. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या आईच्या दारात मी मोटारीतून उतरणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लोटन एकटाच परत गेला. न्यायला आलेल्या भावाला रिकाम्या हाताने परत पाठवणारा माणूस आमच्या सात गल्ल्यांत कोणी पाहिला नव्हता.

आता खरं ऐका. ती गाडी त्या दिवशी चालत होती. डॉक्टरांपासूनच ती उभी राहिली की फुसफुसायची, पण चालायची, थांबायची, हॉर्न वाजवायची. आपण तीतून जामनेरला जाऊन आलो होतो. पण लोटन गेला त्याच संध्याकाळी तुम्ही गाडी चालू केलीत, बॉनेट उघडलंत, एका रबरी नळीचं एक टोक कानाला लावलंत आणि दुसरं इंजिनाभोवती फिरवलंत. माझ्या आजारपणातसुद्धा एखाद्या डॉक्टरने इतक्या गंभीर चेहऱ्याने मला तपासलं नव्हतं.

"ऐकतेस? मॅनिफोल्ड हवा घेतंय."

"घेऊ दे की. डॉक्टरांच्याकडे असल्यापासून घेतंय."

"सासुरवाडीच्या दारात उभी राहिली आणि अशी फुसफुसली तर? लोक काय म्हणतील?"

लोक! ज्या गल्लीने आयुष्यात फक्त बैलगाड्या आणि बिघडलेले टेंपो पाहिले होते, त्या गल्लीला तुमच्या गाडीचा श्वास ऐकू येणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जुनी पँट चढवून अंगणात उतरलात. मुलगा सुटीला जामनेरला आजी-आजोबांकडे गेला होता, म्हणून शिकवायला समोर मीच होते. मॅनिफोल्ड म्हणजे काय, ते मला तुम्ही मागच्या बाकावरच्या ढ पोरीला सांगावं तसं सांगितलंत. कार्बोरेटरमधून येणारी हवा आणि पेट्रोलची वाफ सिलिंडरना वाटून देणारा तो पोकळ, वाकडा नळ. तो इंजिनाला जिथे टेकतो तिथे मध्ये गॅस्केट असतं, पातळ पुठ्ठ्यासारखं. ते जळलं किंवा फाटलं, की बाहेरची हवा आत शिरते आणि गाडी फुसफुसते. साधं आहे, म्हणालात. दुपारपर्यंत होईल.

तुम्ही साधं म्हटलेलं काम त्याच दिवशी संपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आधी एअर फिल्टरचा डबा निघाला. मग कार्बोरेटर निघाला, त्याच्या तारा आणि स्प्रिंगा तुम्ही माझ्या डाळीच्या वाट्यांमध्ये ठेवल्यात. मग मॅनिफोल्डचे नट. ते गंजून बसले होते. रॉकेल ओतलंत, ठोकलंत, पान्यावर पाय देऊन उभे राहिलात. त्याच नटांनी धुराचा नळही धरलेला असतो, एकाच वॉशरखाली दोन्ही. त्यामुळे एक हलेना आणि दुसरा सुटेना. दुपार झाली, तुम्ही जेवायला हात धुतले नाहीत, पोळीला काळे डाग पडले आणि तुम्ही ती तशीच खाल्लीत. ऊन कलताना एकदाचा तो नळ सुटला. तुम्ही तो दोन्ही हातांत धरून मला दाखवलात. आतून काजळीने भरलेला, बाहेरून तेलकट. आणि धुवायला परात कोणती घेतलीत? माझी पितळी, कणीक मळायची. "घासली की झालं," म्हणालात. घासली कोणी, ते विचारू नका.

इंजिनाच्या बाजूला आता दोन भोकं उघडी पडली होती. त्यांत एखादा नट पडला तर इंजिन कायमचं गेलं, म्हणून त्यांत बोळे कोंबून ठेवायचे असतात. तुम्ही मागितलंत म्हणून मी माझं एक जुनं लुगडं फाडलं, हिरव्या काठाचं. दोन चिंध्या दिल्या. तुम्ही त्या दोन्ही भोकांत नीट दाबून बसवल्यात आणि म्हणालात, "काम असं करायचं असतं." हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

गॅस्केट बाजारात मिळालं असतं. पण नाही. मायसाठी घेतलेल्या साडीचा खोका होता, त्याचं झाकण तुम्ही उचललंत, मॅनिफोल्डवर धरलंत आणि कडेकडेने हातोडीने टकटक करत पुठ्ठा कापलात. तेवढं मात्र सुरेख जमलं होतं. हाताला कला होती तुमच्या, नाही म्हणत नाही. तुम्ही खरं म्हणजे चित्रकला शिकवायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सगळं परत बसवलंत. मी रॉकेलची फडकी गोळा करत होते. परातीत हिरव्या काठाची एक चिंधी होती. दुसरी नव्हती. अंगणात पाहिलं, गाडीखाली पाहिलं, तुमच्या खिशात पाहिलं. मग तुमच्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, ती दुसरी चिंधी कुठे आहे?"

तुम्ही शेवटचा नट कसत होतात. मानही वर केली नाहीत. "इथे इंजिन जुळवायचं चाललंय आणि तू चिंध्या मोजतेस?"

तुम्ही किल्ली फिरवलीत. गाडी खोकली, हिसके देत सगळ्या अंगाने थरथरली आणि बंद पडली. पुन्हा फिरवलीत. पुन्हा तेच. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुम्ही मग एकेकाला धरलंत. पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणालात. ठिणगीचे पॉइंट घासले. प्लग काढून तव्यावर तापवले, माझ्या तव्यावर. बॅटरीला शिव्या दिल्या. शेवटी समोरच्या घरच्या म्हाताऱ्याची नजर लागली, इथपर्यंत आलात. मी परत एकदा चिंधीचं नाव काढलं. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडून असं होईल असं तुला वाटतं?" मला वाटत नव्हतं, मला माहीत होतं. रोज संध्याकाळी तुम्ही हात पुसत आत यायचात आणि म्हणायचात, "उद्या सकाळी निघू." मी रोज पिशवी भरून दाराशी ठेवायची आणि रात्री आत घ्यायची.

मी म्हटलं, मला पॅसेंजरने जाऊ दे. तुम्ही म्हणालात, "लोटनरावांना शब्द दिलाय मी. मोटार येईल म्हणून सांगितलंय. आता पॅसेंजरमधून उतरलीस तर माझी काय राहिली?" आणि माझ्यासोबत यायला कोणी उरलं नव्हतं, ज्याला यायचं होतं त्याला तुम्ही परत पाठवलं होतं. असा तुम्ही मला दोन्ही बाजूंनी कोंडून ठेवलंत, आणि तेही माझा मान राखण्यासाठी.

आखाजीच्या दिवशी आपल्या कॉलनीतल्या कडुलिंबाला झोका बांधला होता. मागच्या गल्लीत पुरुष पत्ते कुटत बसले होते. तुम्ही बॉनेटमध्ये कमरेपर्यंत बुडाला होतात. मी त्या दिवशी पुरण घातलं नाही, वरण-भात केला. तुम्ही का म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी ताट वाढलं, परत आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळत असेल.

सण गेल्यावर एका सकाळी तुम्ही गुपचूप सगळं पुन्हा उघडलंत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. तुम्ही पक्कड घातलीत आणि भोकातून माझ्या लुगड्याची ती हिरव्या काठाची चिंधी ओढून काढलीत. इकडे-तिकडे पाहिलंत. मग ती बंबात घातलीत, विस्तव सारखा केलात, हात धुतलेत आणि आत येऊन म्हणालात, "चहा टाक. सापडलं."

"काय होतं?"

"गॅस्केट."

एक शब्द. डोळ्याला डोळा न देता. मी चहा टाकला, आलंसुद्धा किसून घातलं. त्या क्षणी मला तुमचा राग आला नाही. राग नंतर आला. त्या क्षणी मला तुमची नुसती कीव आली आणि कीव रागापेक्षा फार वाईट असते, ती उतरत नाही. गाडी सुरू झाली, फुसफुसही थांबली होती. तुम्ही म्हणालात, "चल, आज जाऊ दोंडाईच्याला." वरातीमागून घोडं. मी म्हटलं, "आता तिथे काय आहे? झोके सोडले असतील." मायची साडी तशीच राहिली, बिनझाकणाच्या खोक्यात.

पावसाळ्यात माय गेली.

त्या दिवशी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. एरंडोल, पारोळा, धुळं, कुठे म्हणजे कुठे कुरकुर नाही. चढावरसुद्धा गरम झाली नाही. मी डोळे मिटून बसले होते आणि देवाकडे मागत होते, की हिला इथेच बंद पाड, निदान आज तरी बंद पाड, म्हणजे आखाजीलाही ती खरंच बिघडली होती असं मला मानता येईल. नाही पडली. माझ्या आईच्या दारात मी मोटारीतून उतरले. गल्ली बघायला बाहेर आली होती.

रात्री लोटन माझ्याजवळ येऊन बसला. तो रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, "अक्का, मायनी बठ्ठ्या गल्लीले सांगेल व्हतं, मनी पोर मोटारमा येई ऱ्हायनी. हॉर्न वाजना का ती दारमा." कुठलाही हॉर्न वाजला, की माय दारात. मग म्हणाला, "आखाजी सरनी तरी इचारे, मनी पोर का बरं नही उनी?"

हे तुम्ही ऐकलंत. तुम्ही ओट्यावर होतात, दार उघडं होतं. तुम्ही उठलात, गाडीजवळ गेलात आणि अंधारात तिची काच पुसत राहिलात. पाऊस पडत होता, आणि तुम्ही काच पुसत होतात. मी म्हटलं, आता हा माणूस येईल, आणि लोटनसमोर नाही तर निदान माझ्यासमोर एक वाक्य बोलेल. फार मोठं वाक्य नव्हतं ते. "चुकलं माझं." दहावीच्या पोरांना तुम्ही वहीत शंभर शंभर वेळा लिहायला लावायचात.

परतताना मी मागच्या सीटवर बसले. तुम्ही पुढचं दार उघडून धरलं होतं. मी मागचं उघडलं.

त्यानंतर मी तुमच्या शेजारी कधी बसले नाही. बाजारात, लग्नकार्याला, शाळेच्या गॅदरिंगला, सगळीकडे मी मागे आणि तुम्ही पुढे ड्रायव्हरसारखे. लोक हसायचे. तुमच्या बहीणबाई तोंडावर म्हणाल्या, "वहिनी स्वतःला कलेक्टरीण समजतात." तुम्ही मला एकदाही कारण विचारलं नाहीत. पण दर वेळी आधी पलीकडे वाकून पुढचं दार उघडायचात. मी मागचं उघडेपर्यंत ते उघडंच असायचं. मग तुम्ही ते ओढून घ्यायचात आणि गाडी सुरू करायचात. एकदाही चुकला नाहीत. त्या उघड्या दाराला मी माफी समजावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर मला ती पुरली नाही. मला तोंडाने हवी होती.

एकदा तुम्ही अगदी जवळ आला होतात. पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. तुम्ही कप हातात धरून म्हणालात, "त्या वर्षी आखाजीला..." आणि मी माझा कप खाली ठेवला. तुम्ही गाडीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मागच्या चाकात हवा कमी वाटतेय." उठलात आणि चाकाला लाथ मारून आलात. चाकात हवा व्यवस्थित होती. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सापाला हाताने धरून बाटलीत घालायचात तुम्ही, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी, आणि दोन शब्दांना घाबरलात.

तुम्ही वाईट नव्हतात, हीच तर कटकट आहे. वाईट माणसाचा तिटकारा करणं सोपं असतं. लग्नानंतर तुम्ही मला भल्या पहाटे शाळेच्या मैदानावर सायकल शिकवलीत. नऊवारी नेसलेली बाई सायकलवर, आणि नवरा कॅरियर धरून मागे धावतोय. लोक भिंतीवरून बघायचे. तुम्ही धापा टाकत म्हणायचात, "पुढे बघ. पडलीस तर मी आहे." मी कधी पडले नाही. त्या सायकलवरून मी पुढे शिवणक्लासला गेले, परीक्षा दिली, चार बायकांना शिकवायला लागले. माझ्या हातात आज जे काही आहे, ते त्या कॅरियर धरलेल्या हातामुळे आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही एक वाक्य अडवून ठेवलं होतंत, म्हणून मीही माझं अडवलं. आता मी माझं बोलले. तुमचं बाकी आहे.

फाल्गुनात तुम्ही गेलात, कोणाला काही न सांगता, दुपारच्या झोपेतच. मी चहा घेऊन आले तर तुमचा हात गार होता. चिडून दोनदा हाक मारली, मला वाटलं नेहमीसारखं न ऐकल्याचं सोंग आहे. त्या हाका आता माझ्या कानात बसल्यात. मला तुमची आठवण येते आणि येते म्हणून अजून चीड येते.

आज सकाळी लोटन आला. केस पांढरे झालेत त्याचे. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "अक्का, आखाजी उनी. मी तुले लेवाले उनू." तुमच्या बहीणबाई आत होत्या, त्या तिथूनच कडाडल्या, "वर्ष व्हायचंय अजून! या आखाजीला दादाच्या नावाची घागर भरायची आहे, आणि ही सणाला माहेरी निघाली? लोक शेण घालतील तोंडात." लोटन खाली बघायला लागला. त्याला वाटलं, हाही फेरा फुकट गेला.

खरं म्हणजे मीही थांबणारच होते. गेलेल्या माणसाच्या पहिल्या आखाजीला घागर भरतात, तहानेल्या जिवाला पाणी मिळावं म्हणून. वैशाखातलं आपलं जळगावचं ऊन, आणि तुम्हाला तर वाळ्याचं गार पाणी लागायचं. मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. पण लोटनची ती खाली गेलेली मान पाहिली आणि मी आत जाऊन पिशवी भरली.

घागर मुलगा भरेल. नवी आणायला सांगितलीय, वाळा घालायला सांगितलाय, आमरसाची वाटी ठेवायला सांगितलीय. तुमच्या बहीणबाईंनी काय बोलायचं ते बोलावं. मी उद्या सकाळच्या पॅसेंजरने दोंडाईच्याला जातेय. माय नाही तिथे आता, झोक्यावर बसायचं माझं वयही नाही, तरी जातेय. पाणी पिऊन तुमची तहान भागली, आणि ते अडकलेलं वाक्य बाहेर काढायची हिंमत झाली, तर तिकडे या. रस्ता तुम्हाला माहीत आहे. मी मायच्या दारात बसलेली असेन. फक्त या वेळी गाडीने यायचा हट्ट धरू नका.